नावाला अडीच, कामाला चार

तीर्थरूप मामांना,

बसल्या जागेवरून नमस्कार. (साष्टांग घालायचं मनात होतं, पण पाठ धरली आहे. कागदावर खोटा साष्टांग घालण्यापेक्षा खुर्चीतला खरा नमस्कार तुम्ही गोड मानून घ्याल.) आई बरी आहे. तिचे गुडघे गेले, पण कान शाबूत आहेत, त्यामुळे तिला जिना उतरता येत नसला तरी जिन्यातून कोण काय बोलत गेलं ते सगळं समजतं. तुमचा खोकला कसा आहे? घरचंच औषधांचं दुकान असल्यामुळे तो लवकर बरा होईल अशी आशा आम्ही ठेवलेली नाही. शिंप्याचा सदरा नेहमी उसवलेलाच असतो. मामींच्या घोट्याची सूज उतरली का, तेही कळवा. त्यांना सांगा की आईने पाठवलेली लोकरीची शाल पायाला गुंडाळण्यासाठी नव्हती, पण गुंडाळली असेल तर आता काढू नका.

या पत्राला काही कारण नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कारणाशिवाय मी पत्र लिहीत नाही असा तुमचा माझ्याबद्दल गैरसमज आहे आणि तो मागच्या सात-आठ पत्रांनी उगीचच पक्का केला आहे. केवळ ख्यालीखुशाली कळवावी म्हणून लिहितो आहे. आता ख्याली आहे, खुशालीचं पुढे बघू.

बावीस वर्षांपूर्वी तुम्हीच मला म्हणाला होतात, "अरे, कोशाच्या कार्यालयात चिकट. शांत नोकरी. शब्द काही कोणाच्या अंगावर धावून येत नाहीत." तुमचा सल्ला मी मानला, आणि बावीस वर्षं तो खरा ठरला हे कबूल केलं पाहिजे. तुम्ही आमचं कार्यालय कधी पाहिलं नाही. खाली सायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे आणि वर आम्ही. खाली दिवसभर चाकं फिरतात, वर काही फिरत नाही. एक लांबट खोली, त्यात चार टेबलं, भिंतीला लागून लाकडी कप्प्यांची कपाटं, आणि कप्प्यांत कार्डं. एका कार्डावर एक शब्द, त्याचा अर्थ, त्याचं मूळ, तो कुठून आला आणि येताना काय काय सांडत आला. मी नोकरीला लागलो तेव्हा कार्यालय 'फ'वर होतं. आज आम्ही 'से'वर आहोत. घाईत चुका होतात असं म्हणतात. आम्ही घाई न करताही केल्या, एवढं आमचं वैशिष्ट्य.

माणसं चार. मुख्य संपादक, ज्यांना आम्ही पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणतो, कारण त्यांनी सुरू केलेलं वाक्य, चहा आणि खंड यांतलं काहीही आजवर पूर्ण झालेलं नाही. (विद्वान माणूस. बोलता बोलता मध्येच थांबतात, खिडकीबाहेर बघतात, आणि ऐकणाऱ्याने उरलेलं वाक्य घरी नेऊन पूर्ण करायचं.) दुसरा मी. तिसरी टंकलेखिका. ती मला सर म्हणते, मी तिला बाई म्हणतो. तिच्या टंकयंत्राचा 'ऱ्ह' बिघडलेला आहे, त्यामुळे 'कुऱ्हाड' आणि 'गुऱ्हाळ' ती हाताने लिहिते, पण बाकी सगळी अक्षरं ठणठणीत आहेत आणि तीही. नवरा आजारी, सासू घरात, एक मुलगी शाळेत, आणि या सगळ्यांच्या वर तिची ही नोकरी छपरासारखी टेकवलेली. चौथा शिपाई. तो 'अ'च्या कपाटाशेजारी स्टुलावर बसतो, कारण 'अ' केव्हाच छापून झाला असल्यामुळे ते कपाट कोणी उघडायला येत नाही. त्याला आता जिने चढताना दम लागतो, म्हणून तो सकाळी एकदा चढतो आणि संध्याकाळी एकदाच उतरतो. मधल्या वेळात खालून काही आणायचं असेल तर मुख्य संपादक जातात.

तर मामा, मागच्या वर्षी आमच्या वाट्याला 'सेस्टर्शियस' हा शब्द आला. प्राचीन रोमच्या एका नाण्याचं हे लॅटिन नाव. माणसाने असल्या शब्दाच्या वाटेला जाऊ नये, पण कोशात असं करता येत नाही. तिथे शब्दच वाटेत येऊन बसतो. मला त्याला चार महिने लागले, आणि त्यातले सुमारे दीड महिने तुमच्यामुळे गेले हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगतो. लहानपणी सुट्टीत मी तुमच्या दुकानात बसायचो तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एच आणि एस ही दोन अक्षरं दिसली की तुम्ही सांगायचात, "म्हणजे झोपताना घ्यायचं. लॅटिनमधलं आहे." मी विश्वास ठेवला. (तुमच्यावर अविश्वास दाखवायचं वय निघून गेलं, आता नवं सुरू करणं बरं दिसत नाही.) आता रोमन लोकांच्या हिशेबाचं पुस्तक उघडलं तर जिथे तिथे रकमेच्या आधी एचएस. कोणी शेत इतक्या एचएसला घेतलं, कोणी घोडा तितक्या एचएसला विकला. दीड महिना मी या समजुतीत होतो की रोमन माणसं घोडे झोपताना घेत असत. तसं एक कार्डही लिहून ठेवलं होतं. ते बाईंनी टंकलेखनाच्या आधी वाचलं, माझ्या टेबलावर उलटं ठेवलं, आणि पाणी प्यायला गेल्या. बाईंचं हे मोठं सौजन्य. मुख्य संपादकांनी ते कार्ड मंजूर केलं होतं.

खरं असं निघालं की त्या चिन्हाचा झोपेशी काही संबंध नाही. दोन उभ्या रेघा म्हणजे दोन, आणि पुढचा एस म्हणजे 'सेमिस', म्हणजे अर्धा. दोन उभ्या रेघांवर कोणीतरी एक आडवी रेघ ओढली आणि जगाला तो एच वाटू लागला. दोन आणि अर्धा, म्हणजे अडीच. 'सेमिस' म्हणजे अर्धा हे मात्र मला तुमच्याच दुकानात कळलं होतं, चिठ्ठीवर जोडीने दोन एस दिसले की तुम्ही सुरीने गोळीचे दोन तुकडे करायचात. तेव्हा तुमचा एक एस चुकला आणि दुसरा बरोबर निघाला. हिशेब फिटला.

आणि नावाचं मूळ ऐकाल तर तुमचा खोकला क्षणभर थांबेल. सेस्टर्शियस म्हणजे 'सेमिस' आणि 'टर्शियस' यांची मोळी. अर्धा तिसरा. पहिला अख्खा, दुसरा अख्खा आणि तिसरा अर्धा. 'अ‍ॅस' नावाचं काशाचं एक नाणं होतं, त्या मोलाची अडीच नाणी म्हणजे एक सेस्टर्शियस. मला हे वाचून हसू आलं, किती द्राविडी प्राणायाम, सरळ 'दोन आणि अर्धा' म्हणता येत नाही का. आणि हसता हसता लक्षात आलं की आपणही तेच करतो. आपलं 'अडीच' म्हणजे संस्कृतातलं 'अर्धतृतीय', प्राकृतातून झिजत झिजत आलेलं. अर्धा तिसरा. 'दीड' म्हणजे अर्धा दुसरा. जुन्या पाढ्यातलं 'औट' म्हणजे साडेतीन, ते 'अर्धचतुर्थ', अर्धा चौथा. म्हणजे तिकडचा नाणेवाला आणि इकडचा मोजणारा, एकमेकांचं तोंड न बघता, तिसऱ्याचा अर्धा करत बसले होते. मामा, बावीस वर्षांत त्या एका दुपारी मला वाटलं की तुमचा सल्ला बरोबर होता. मी खिडकी उघडली, खाली सायकलवाला चाकाची तार घट्ट करत होता, आणि त्याला वरून ओरडून हे सांगावं असं मला वाटलं. सांगितलं नाही. त्याच्याकडे काम होतं.

यानंतरची गोष्ट इतकी चांगली नाही. आमच्यावरच्या कार्यालयाने नमुन्यादाखल काही पानं मागवली, आणि मुख्य संपादकांनी त्यात माझी ही नोंद घातली. नोंदीत उदाहरण हवं म्हणून मी माझ्या मनाने एक वाक्य लिहिलं होतं: 'एका गृहस्थाने दोन सेस्टर्शियस देऊन पाव घेतला.' आता यात धोका असा की लॅटिनमध्ये याच शब्दाचं 'सेस्टर्शियम' असंही एक रूप आहे, आणि त्याचा अर्थ एक हजार सेस्टर्शियस. शेवटच्या एका अक्षरात हजारपट. आणि माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. माझा 'स' हा आईच्या मते 'म', तुमच्या मते 'भ' आणि शाळेतल्या गुरुजींच्या मते शिक्षेस पात्र. बाईंनी मला विचारलंही होतं, "सर, हा शेवटचा म आहे का?" मी मान वर न करता "हो" म्हणालो. (मी तेव्हा 'सेंद्रिय' या शब्दात बुडालेलो होतो.) अशा रीतीने त्या बिचाऱ्या गृहस्थाने दोन हजारांचा पाव घेतला, आणि त्याच पानावर वरच्या नोंदीत आम्हीच स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं की सेस्टर्शियम म्हणजे हजार. चोराने चोरी करून घरमालकाला पत्ता द्यावा तसं.

हे नमुनापान एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या हाती पडलं. निवृत्त मुख्याध्यापक हा प्राणी तुम्हाला ठाऊक आहे, त्यांच्या हाती लाल पेन्सिल राहते आणि वह्या मात्र काढून घेतलेल्या असतात. त्यांनी सहा पानी तक्रार केली. पाव दोन हजारांचा असेल तर रोमन लोक जगले कसे, आणि असला कोश लिहिणारे लोक जगतात कशाला, असे त्यांचे साधारण दोन मुद्दे होते. त्या तक्रारीवर वरच्या कार्यालयाने एक तपासनीस धाडले.

तपासनीस एका मंगळवारी सकाळी आले. अंगाने बारीक, हातात चामडी बॅग, आणि बसण्याआधी खुर्चीवरची धूळ बोटाने तपासून ते बोट वहीत पुसणारे. त्यांनी आल्याआल्या पहिला प्रश्न विचारला, "हे पान टाइप कोणी केलं?"

बाई उभ्या राहिल्या. मुख्य संपादक म्हणाले, "तसं पाहिलं तर, टंकलेखनात अनवधानाने, म्हणजे," आणि खिडकीबाहेर बघू लागले. बाईंचा हात टंकयंत्राच्या कडेवर होता आणि तो मला दिसत होता. मी म्हणालो, "टाइप यांनी केलं, पण जे लिहिलं होतं तेच केलं. अक्षर माझं आहे." तपासनिसांनी मूळ कागद मागितला, 'स' बघितला, उजेडात धरला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "हे अक्षर आहे?" मी म्हणालो, हो, बावीस वर्षांपासून. बाई खाली बसल्या.

मग त्यांनी नोंदीचं कार्ड उचललं. "या एका शब्दाला किती वेळ लागला?"

"चार महिने," मी म्हणालो.

"आणि अर्थ काय निघाला?"

"अडीच."

त्यांनी वहीत लिहिलं: चार महिन्यांत अडीच. मामा, माणसाच्या आयुष्याची एवढी आटोपशीर नोंद आमच्या कोशातही नाही.

मला वाटलं, याला नीट समजावून सांगावं. (हीच माझी चूक. सांगण्यासारखं काही असलं की मी ते सांगतो.) शिपायाने चहाबरोबर बिस्किटं आणली होती, मुख्य संपादकांनी खालून आणून त्याला दिली होती आणि त्याने आत आणली होती. मी त्यातली तीन बशीत ओळीने मांडली. म्हटलं, साहेब, हे पहिलं अख्खं, हे दुसरं अख्खं, आणि तिसरं, असं म्हणून मी तिसरं मोडलं आणि अर्धं बाजूला ठेवलं. आता किती? ते म्हणाले, अडीच. मी म्हटलं, तुम्ही 'अडीच' म्हणालात म्हणजे 'अर्धा तिसरा' म्हणालात, रोमन माणूसही तेच म्हणाला असता. त्यांनी बशीकडे बघितलं. मग बोटांवर काहीतरी मोजत हळू आवाजात म्हणू लागले, "एक अडीचकी अडीच, दोन अडीचकी पाच, तीन अडीचकी साडेसात." पुढे दहापर्यंत न अडखळता गेले. आणि म्हणाले, "वडिलांनी पाठ करून घेतली होती. रोज, उभं करून. पण अडीचला अडीच का म्हणायचं, असं विचारलं असतं तर कानाखाली बसली असती." एवढं बोलून त्यांनी बाजूला ठेवलेला अर्धा तुकडा उचलून तोंडात टाकला. त्या वेळी तो माणूस मला आवडला, हे मी नाकारत नाही.

"तुम्ही लॅटिन कुठे शिकलात?" त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, मामांकडे. "ते प्राध्यापक?" नाही म्हटलं, औषधांच्या क्षेत्रात आहेत. त्यांनी आदराने मान हलवली आणि वहीत 'संशोधक' असं लिहिलेलं मला उलट्या बाजूने दिसलं. मी दुरुस्ती केली नाही. तुम्ही काउंटरमागे स्टूल घेऊन बसता आणि वरच्या फळीवरच्या बाटल्या शोधता, त्यात संशोधन आहेच.

इथे मी थांबायला हवं होतं. मुख्य संपादकांनी टेबलाखालून मला पाय मारला, म्हणजे त्यांना तसं वाटलं, तो बाईंना लागला आणि बाई "आई गं" म्हणाल्या. तरी मी थांबलो नाही. म्हटलं, साहेब, खरी गंमत पुढेच आहे. पुढे रोममध्ये नाण्यांचं प्रमाण बदललं. 'डिनेरियस' नावाचं चांदीचं मोठं नाणं होतं, त्याच्या नावातच दहा आहेत, कारण ते दहा अ‍ॅसचं. सेस्टर्शियस त्याचा चौथा हिस्सा, म्हणून अडीच. मग कधीतरी ठरलं की डिनेरियस आता सोळा अ‍ॅसचा. म्हणजे सेस्टर्शियस झाला चारचा. पण दोघांचीही नावं तीच राहिली. दहाच्या नावाने सोळा चालू लागले आणि अडीचच्या नावाने चार.

तपासनिसांनी कप खाली ठेवला. "म्हणजे नावाला अडीच, आणि मोल चारचं?"

"बरोबर."

"आणि कोणाची तक्रार नव्हती?"

"सवय झाली असावी," मी म्हणालो. अगदी हसत म्हणालो, मामा. त्यांनी पेन काढलं तेव्हाही मी हसतच होतो. मला वाटलं, विषय आवडला म्हणून टिपून घेत आहेत. ते खोलीभर नजर फिरवून काहीतरी मोजत होते. चार टेबलं. चार माणसं. मग पुन्हा कार्डाकडे बघितलं आणि फार समाधानाने वही मिटली. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले की इतकं उपयुक्त स्पष्टीकरण त्यांना कुठल्याच कार्यालयात मिळालं नव्हतं.

सोळाव्या दिवशी आदेश आला. मुख्य संपादकांनी तो उभ्याने वाचून दाखवला. 'सदर कार्यालयात यापुढे मंजूर पदे अडीच राहतील. कामाचे प्रमाण पूर्वीप्रमाणेच चार पदांचे राहील. नाव व मोल यांतील अशा फरकास पूर्वापार आधार असून तो सदर कार्यालयाच्याच कोशात नमूद आहे.' खाली नोंदीचा क्रमांक दिला होता. माझ्या. बावीस वर्षांत आमच्या कोशाचा कोणी संदर्भ दिल्याची ही पहिलीच वेळ. मुख्य संपादक आदेशाची घडी घालून म्हणाले, "आपल्या कोशाचा अखेर काहीतरी उपयोग झाला." आणि थांबले. वाक्य पूर्ण झालेलं होतं. आम्ही सगळे पुढच्या भागाची वाट बघत राहिलो, पण पुढे काही नव्हतं. बाईंनी यंत्रावर कापड टाकलं. शिपायाने विचारलं, अर्धा माणूस म्हणजे वरचा की खालचा.

चारातून दीड कमी करायचे, तर कोणते, हे वरच्या कार्यालयाने आमच्यावर सोपवलं, आणि मुख्य संपादकांनी माझ्यावर, कारण अडीचचा जाणकार मी. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. लोहाराने बेडी केली तर कुलूपही त्यानेच करून द्यावं. यादी मी एका दुपारी केली. शिपाई आता अर्धा दिवस येतो, आणि तो खूश आहे, कारण अर्धा दिवस म्हणजे त्याला चढणं झालं की उतरणंच उरतं. बाकीचं जे ठरलं ते नियमानुसार आहे आणि त्यात लिहिण्यासारखं काही नाही, म्हणून लिहीत नाही.

एकूण आमचं उत्तम चाललं आहे. तुम्ही आमची काळजी करत असाल तर ती थांबवा, आणि करत नसाल तर पद्धत बदलू नका. मामींना नमस्कार. खोकल्यासाठी दुकानातलं काही घेऊ नका.

तुमचा आज्ञाधारक (तुमच्याच आज्ञेने इथवर पोचलेला)
भाचा

ता. क. तपासनिसांचं परवा खासगी पत्र आलं. कामाचं काही नाही. 'पाऊण' कशावरून आला, असं विचारलं आहे, आणि वडील असते तर त्यांना सांगितलं असतं असं लिहिलं आहे. मी उत्तर दिलं: 'पादोन', पाव कमी असलेला. माणूस वाईट नाही. मी त्याला वाईट म्हणायचा बराच प्रयत्न करून पाहिला. त्यांनी तुमचा पत्ता मागितला होता आणि मी दिला आहे. तेव्हा लॅटिनबद्दल एखादं पत्र आलं तर तुम्ही संशोधक आहात हे विसरू नका, आणि काही येत नसेल तर 'संशोधन चालू आहे' एवढंच कळवा. आम्ही बावीस वर्षं तेच कळवत आलो.

ता. क. दुसरा. एक बारीकशी गोष्ट वर लिहायची राहिली. कमी झालेल्या दीड माणसांमधला एक मी. ज्येष्ठतेचा काहीतरी नियम आहे, त्यात माझं नाव आपोआप आलं, कोणाचा दोष नाही. एक तारखेपासून मी घरी आहे. सहज आठवलं म्हणून विचारतो, मागे तुम्ही म्हणाला होतात की दुकानातला तुमचा माणूस सोडून गेला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचायला कोणी नाही. अजून कोणी मिळालं नसेल तर मला वाईट अक्षर वाचता येतं. स्वतःचं सोडून कोणाचंही. पगाराचं काही नाही, तुम्हाला जमेल तो. नसेल जमत तर हा ता. क. वाचलाच नाही असं समजा. मी लिहिला नाही असं समजतो.

मी ताई लिहिते आहे. लेकाने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. एवढं लांब लिहून कामाचं तेवढं सोडलं आहे. ज्येष्ठतेचा नियम वगैरे काही नव्हता. यादी त्याच्या हातात होती आणि त्याने स्वतःचं नाव लिहिलं. ती टंकलेखिका मुलगी परवा घरी आली होती, तिनेच सांगितलं. मुख्य संपादक तिला काढा म्हणत होते, हा म्हणाला, कोशात माझ्याशिवाय चालेल, तिच्या घरी तिच्याशिवाय चालणार नाही. ती इथे बसून रडली, हा आत जाऊन कपाटातली पुस्तकं पुसत बसला. ती का रडली ते त्याने विचारलं नाही, आणि मला काही कळलंय असं मीही त्याला दाखवलेलं नाही. तीन आठवडे तो रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो आणि बागेत बसून येतो, आणि संध्याकाळी मला कार्यालयातल्या गमती सांगतो. चांगल्या असतात.

हे पत्र टपालात टाकत नाही. टाकलं तर तू चार दिवस विचार करशील, मग भिडस्तपणे काहीतरी लिहिशील, मग हा भिडस्तपणे नको म्हणेल. त्याच्या बॅगेत तळाशी, तुझ्यासाठी दिलेल्या लोकरीच्या बंडीत गुंडाळून ठेवते आहे. उद्या दुपारच्या गाडीने तो तुझ्याकडे निघतो. शेजाऱ्यांकडे तुझा फोन आला होता, दुकानात फार अडलं आहे, त्याला ताबडतोब पाठव असं म्हणालास, असं मी त्याला सांगितलं आहे. त्याने दोनदा विचारलं, "मामा स्वतः म्हणाले?" मी हो म्हटलं. तेव्हा तू म्हणाला आहेस.